टोळ समोर आहे, पण दिसत नाही

प्राणी-पक्ष्यांविषयी वाचकांचे प्रश्न, पशुवैद्य ताईंची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी मूळची सातारची, वय ७१. लेकीकडे इंग्लंडात स्लाउला सहा महिन्यांसाठी आले आहे. माझ्या दहा वर्षांच्या नातवाने पाल पाळली आहे. तिला पाल म्हटलेलं त्याला खपत नाही. 'लेपर्ड गेको' म्हणायचं, आणि 'ती' नाही, 'तो'. नाव बिट्टू. अंग पिवळं, त्यावर काळे ठिपके आणि शेपूट मुळ्यासारखी जाडजूड. आमच्या घरी पाल दिसली की मी आधी केरसुणी शोधते, आणि इथे बिट्टूच्या खाण्यापिण्याचं माझ्याकडेच आलं, कारण दिवसभर घरात मीच असते.

गेला महिनाभर बघते आहे. टोळ समोर सोडला की बिट्टू मान उंचावतो, दबा धरतो, झेप घेतो आणि भलतीकडेच तोंड मारतो. एकदा तर दगडाला चावला. इथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, कातीचा तुकडा पापणीखाली अडकून राहिला होता, त्याने बुबुळाला जखम झाली. उजवा डोळा गेला आहे, डाव्याने उजेड-अंधार कळत असेल इतकंच. औषध झालं, जखम भरली, पण नजर परत येणार नाही. नातू रोज झोपताना विचारतो, बिट्टू उपाशी मरेल का? शेजारीण म्हणते, डोळ्यात गुलाबपाणी घाला. लेक म्हणते, त्याला राहायला मोठा काचेचा टँक घेऊ, त्यात झाडंबिडं लावू, त्याचं मन रमेल. मला वाटतं, जिवाचे उगाच हाल तर करत नाही ना आपण? आणि खरं सांगते, त्याला हात लावायची मला अजून भीती वाटते.
— एक आजी, स्लाउ

उत्तर : आजी, बिट्टूच्या हालांबद्दल तुमच्या मनात जी पाल चुकचुकते आहे, तिला आधी गप्प करते. हाल होत नाहीत. जखम भरली आहे, दुखत नाही, खायची इच्छा आहे (नाहीतर दगडाला कशाला चावला असता?) आणि शेपूट अजून मुळ्यासारखी आहे. ही शेपूट म्हणजे त्याची कणगी. चरबी तिथे साठवतो आणि नड पडली की तिथूनच काढून खातो. कणगी भरलेली असेल तोवर घाबरायचं कारण नाही. ही जात पंधरा-वीस वर्षं सहज जगते, आणि आंधळ्या गेकोनं त्यातली बहुतेक वर्षं मजेत काढलेली मी पाहिली आहेत. माझ्याच घरी आहे एक. त्याच्याकडे येतेच.

नातवाचं 'पाल म्हणू नका' हे मात्र निम्मं बरोबर आहे. तुमच्या सातारच्या घरातली पाल आणि बिट्टू एकाच मोठ्या खानदानातले, पण चुलत घराणी वेगळी. घरातल्या पालीला बोटांखाली गादी असते, म्हणून ती छताला उलटी चालते. बिट्टूला नखं आहेत, गादी नाही. तो भिंतीवर चढूच शकत नाही, त्यामुळे अंगावर पडून तुम्हाला डोक्यावरून अंघोळ करायला लावण्याचा प्रश्न मिटला. दुसरा फरक डोळ्यांचा, आणि तुमच्या घरातली सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. घरच्या पालीला पापणी नसते. डोळ्यावर घड्याळाच्या काचेसारखं पारदर्शक कवच असतं आणि ते ती जिभेनं पुसते. बिट्टूच्या घराण्याला आपल्यासारखी उघडमीट करणारी पापणी आहे. म्हणून तो झोपतो तेव्हा झोपल्यासारखा दिसतो आणि पोरांना गोड वाटतो. पण पापणी आली की तिच्या आतली कातही आली. कात टाकताना हवा कोरडी असली की पापणीच्या आतला पापुद्रा निघत नाही. तो साचतो, वाळतो आणि डोळा उघडला-मिटला की वाळूसारखा घासतो.

इंग्लंडच्या हिवाळ्यात बाहेर पाऊस असतो, पण घरात सेंट्रल हीटिंगनं ओठ फुटतात. तुमचे फुटले असतील, तसंच बिट्टूचं झालं. आता नजर परत येणार नाही, पण हाच प्रकार पुन्हा घडू द्यायचा नाही, कारण डाव्या डोळ्यात जे काही शिल्लक आहे ते वाचवायचं आहे. त्यासाठी महागाची काही गरज नाही. आइस्क्रीमचा रिकामा डबा घ्या, एका बाजूला बिट्टू आत जाईल एवढं भोक पाडा आणि कडा काचकागदानं घासून मऊ करा. पोट खरवडता कामा नये. आत स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) भरा, पेट शॉपमध्ये मिळतं. मॉस किती ओलं हवं ते तुम्हाला सांगायला नको. इडलीचं फडकं पिळून पसरतो तेवढं. पाणी टपकत असेल तर जास्त झालं, हाताला गार लागलं नाही तर कमी. डबा टँकच्या उबदार बाजूला ठेवा. चार-पाच आठवड्यांनी बिट्टू राख फासल्यासारखा पांढरट दिसायला लागेल. मग तो आपण होऊन त्या डब्यात जाऊन बसेल आणि सकाळी कात गायब झालेली असेल. ती तो खातो. ओकारी आली तर दुसरीकडे बघा. त्या दिवशी फक्त बोटांची टोकं आणि पापण्या नीट बघायच्या, काही राहिलंय का.

राहिलं असेल तर ओढायचं नाही. चिमट्यानं तर मुळीच नाही. आणि शेजारणीला माझा नमस्कार सांगा, पण गुलाबपाणी नको, मध नको, तूप नको, घरात पडलेले माणसाचे आयड्रॉप्स तर अजिबात नकोत. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं, आणि बुबुळाला जखम असताना ते घातलं की राहिलेला डोळाही जातो. केमिस्टकडे मिळणारं निर्जंतुक सलाईनचं पाणी कोमट करून दोन थेंब, एवढं घरी चालेल. पापणी सुजली, दोन्ही डोळे दिवसभर मिटलेले राहिले, तोंड सारखं दगडावर घासायला लागला, तर थेट डॉक्टर.

यात मी शहाणपणा शिकवते आहे, पण शिकले आहे ती मार खाऊन. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकत होते तेव्हा हातात म्हशी, बैल आणि भटकी कुत्री. पुढे सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम सुरू केलं, त्या पहिल्या वर्षी एका लेपर्ड गेकोचा डोळा टोमॅटोच्या बीसारखा सुजून आला. मी संसर्ग म्हणून दोन आठवडे अँटिबायोटिक घातलं. उतरेना. शेवटी वरिष्ठांनी भूल देऊन पापणी उचलली, तर आत पनीरच्या चुऱ्यासारखा पांढरा गोळा. जीवनसत्त्व अ कमी पडलं की अश्रुग्रंथींचं आतलं अस्तर जाड होतं, झडतं आणि तिथेच साचतं. वरून थेंब घालून ते विरघळणार कसं? माझे दोन आठवडे फुकट गेले आणि त्या बिचाऱ्याचा डोळा अधू झाला. तेव्हापासून डोळ्याची तक्रार आली की मी आधी विचारते, खायला काय घालता?

तुम्हालाही विचारते. टोळांवर कोणती पावडर टाकता, तिचा डबा उलटा करून वाचा, किंवा नातवाला वाचायला लावा. दोन डबे हवेत. एक साधं कॅल्शियम, दुसरा जीवनसत्त्वांचा. दुसऱ्यावर 'रेटिनॉल' किंवा तयार 'व्हिटॅमिन ए' लिहिलेलं पाहिजे. नुसतं बीटा कॅरोटिन असेल तर त्याच्यावर विसंबू नका. किड्यांवर जगणाऱ्या या प्राण्यांना गाजरातल्या त्या रंगाचं अ जीवनसत्त्व करणं कितपत जमतं याचा भरवसा नाही. पण उत्साहात रोज चमचाभरही नको. अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी विष होतं. किती दिवसांनी आणि किती, ते तुमच्या डॉक्टरांना बिट्टूचं वजन सांगून ठरवा. आणि टोळांना आधी एक दिवस तुम्ही जेवू घाला. गाजर, कोथिंबिरीच्या काड्या, भाज्यांची देठं. उपाशी टोळ खाणं म्हणजे नुसता कोंडा खाणं.

आता खरं काम. त्याला दिसत नाही, तर खाणार कसा?

गेको डोळ्यांवर किती विसंबतात ते सांगते, म्हणजे तुम्ही त्याला जरा वेळ द्याल. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं की एका जातीचे गेको अंधुक चांदण्याएवढ्या उजेडातही रंग ओळखतात. तेवढ्या उजेडात आपल्याला सगळं करडं दिसतं, त्यांना निळं निळंच दिसतं. हे निशाचर घराणं असं डोळस. अशाचा डोळा जाणं म्हणजे पट्टीच्या गवयाचा आवाज बसणं. बाकी साधनं आहेत, पण ती हाताशी घ्यायला त्याला महिना-दीड महिना लागेल. जिभेनं वास घेतो. टाळूत वासाचं एक खास इंद्रिय असतं, जीभ बाहेर काढून आत नेतो ती त्यासाठीच. पायाखालचा थरथराट कळतो. कान चांगले आहेत.

म्हणून मोकळे टोळ सोडणं आजपासून बंद. एक तर ते त्याला सापडणार नाहीत, आणि दुसरं, मोकळे सुटलेले भुकेले किडे झोपलेल्या गेकोची बोटं आणि पापण्या कुरतडतात. डोळा असता तर त्याने हाकललं असतं. एक एक करून हातानं भरवायचं. लोखंडी चिमटा नको, टोकाला सिलिकोन असलेला घ्या. आंधळा गेको झडप घालतो ती पूर्ण जोरानं, आणि धातूवर जबडा आपटला तर दात तुटतात. टोळ फार मोठा नको. बिट्टूच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा जाड, बस. मागचे उड्या मारायचे पाय काढून टाका. तुम्ही बोंबील साफ केलेत, कोळंबी सोललीत, हे तुम्हाला जड जाणार नाही. डोकं थोडं चेचा, म्हणजे वास सुटेल.

मग रोज एकच वेळ, एकच जागा. संध्याकाळी दिवा लावता त्याच वेळेला करा. उथळ मातीची पणती किंवा सिरॅमिकची बशी एका कोपऱ्यात कायमची ठेवा. चिमट्यानं बशीच्या कडेवर तीनदा टक टक टक करा. थांबा. दहापर्यंत मोजा. पहिले आठ-दहा दिवस काहीच होणार नाही, तुम्हाला वेड्यासारखं वाटेल. मग एक दिवस टकटक ऐकून तो डब्यातून डोकं काढेल. जवळ आला की टोळ त्याच्या तोंडाच्या कडेला, ओठाजवळ, हलकेच टेकवा. डोळ्यासमोर नाही, नाकावर नाही, बाजूला. जीभ बाहेर येईल, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जबडा उघडेल. आपण आपणहून आत कोंबायचं नाही. तो उघडेपर्यंत हात स्थिर ठेवायचा, आणि त्यासाठी कोपर टेबलावर टेकवा. माझा हात अजूनही टेकवल्याशिवाय थरथरतो.

मोठ्या गेकोला दिवसाआड खायला पुरतं. त्याने दोन वेळा नाही खाल्लं तर नातवाला रडू देऊ नका. पण दर रविवारी वजन घ्यायचं. हरभऱ्याएवढाही फरक दाखवणारा ग्रॅमचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि तो फक्त बिट्टूचा ठेवा. कणीक मोजायचा काटा नको. सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू निरोगी असतानाही असू शकतात. म्हणून त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, हात साबणानं धुवायचे, आणि नातवाला त्याची पापी घेऊ द्यायची नाही. (घेतो. सगळी पोरं घेतात. विचारून बघा.) वजन वहीत लिहा. ५५ ग्रॅमचा गेको ५०च्या खाली गेला किंवा शेपूट मुळ्याची शेवग्याची शेंग झाली, की पत्र लिहीत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

आता लेकीचा मोठा टँक. तिचा जीव तुटतोय ते कळतं, पण नको. आणि इथे माझी दुसरी चूक सांगते.

माझ्याकडे खंडू आहे. दवाखान्यात कुणीतरी बुटांच्या खोक्यात ठेवून गेलं होतं. आता चौदा वर्षांचा असेल, डावा डोळा नाही आणि उजव्यात मोतीबिंदू. तीन वर्षांपूर्वी दिवाळीची साफसफाई करताना मला हुक्की आली. त्याच्या टँकमधलं सगळं काढलं, घासलं आणि जरा छान दिसावं म्हणून नव्या जागी मांडलं. पाण्याची वाटी डावीकडून उजवीकडे, दगड मागे, दडायची गुहा पुढे. संध्याकाळी टकटक केली. खंडू निघाला, जिथे गुहेचं दार असायचं तिथून वळला आणि काचेवर नाक आपटलं. मागे सरकला, पुन्हा आपटलं. मग मधोमध थांबला आणि एक पुढचा पाय हवेत धरून तसाच उभा राहिला, किती वेळ कुणास ठाऊक. नऊ दिवस खाल्लं नाही. दहाव्या दिवशी मी जुना फोटो शोधून काढला आणि प्रत्येक दगड इंच न इंच होता तिथे परत ठेवला. त्याच रात्री तीन टोळ खाल्ले.

आजी, तुमच्या सातारच्या घरात भारनियमनात रात्री लाईट गेली की तुम्ही काडेपेटी कशी शोधता? शोधत नाही. हात सरळ फळीवर जातो. कुणा सुनेनं ती उचलून डब्याआड ठेवली की घरात काय होतं, ते मी सांगायला नको. बिट्टूचं आता रोजच भारनियमन आहे. म्हणून टँक तोच, वस्तू त्याच, जागा त्याच. आजच मोबाईलवर वरून एक फोटो काढून ठेवा, साफ केल्यावर त्या फोटोप्रमाणे लावा. सगळं एकाच दिवशी घासायचं नाही. एखादी वस्तू त्याच्या स्वतःच्या वासाची राहू द्यायची. उंच फांद्या, शिड्या काढा, कारण पडला तर किती खोल ते त्याला कळत नाही. तळाला वाळू असेल तर काढा आणि फरशीचे तुकडे किंवा साधा कागद घाला. झडप चुकली की तोंडात वाळू जाते आणि पोटात गच्च बसते. दडायला गरम बाजूला एक आणि थंड बाजूला एक अशी जागा हवी. गरम बाजू ३२-३३ अंश, थंड बाजू २४-२५, आणि हीटरला थर्मोस्टॅट असलाच पाहिजे. डोळस गेको तापलेल्या दगडाकडे बघून बाजूला होतो असं नाही, पण आंधळा भलत्या जागी जाऊन बसून भाजून घ्यायची शक्यता जास्त, म्हणून हीटरला जाळी लावा. दिवा फार प्रखर नको.

राहिली तुमची भीती. तीच त्याचीही आहे, आणि दोघांची एकाच युक्तीनं जाते. वरून हात घालायचा नाही. वरून येतं ते घुबड. आधी काचेला नाही, टेबलाला हलकी टिचकी मारा. मग नुसतं बोट त्याच्या तोंडासमोर दोन इंचांवर जमिनीला टेकवून ठेवा आणि त्याला जीभ लावू द्या. गार, ओलसर, चिमुकलं काहीतरी लागेल. दचकू नका. ते 'कोण आहे?' असं विचारणं आहे. चार-पाच दिवस एवढंच. मग तळहात पोटाखाली सरकवा आणि त्याला आपण होऊन चढू द्या. शेपटीला कधीही धरायचं नाही, तुटून हातात राहील. पुन्हा येते, पण बोंडासारखी येते आणि कणगी रिकामी होते ती वेगळी. विषबिष काही नाही. चावलाच तर कपड्यांचा चिमटा लागल्याएवढं.

तुम्ही सहा महिन्यांनी परत जाल तेव्हा नातवाला महिनाभर आधीपासून शेजारी बसवा आणि टकटक त्याच्याकडून करून घ्या. तोच चिमटा, तीच लय. हात बदललेला बिट्टूला लगेच कळेल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलीसाठी रेप्टाईल शोमधून लेपर्ड गेको आणला. 'एनिग्मा' जातीचा म्हणून सांगितलं, रंग फार सुंदर. पण खाताना नेम चुकतो, मान एका बाजूला वाकडी करतो आणि मधूनच गोल गोल फिरतो. डोळे कमजोर असतील का? चष्म्यासारखा काही इलाज?
— एक वडील, एडिसन

उत्तर : डोळे नाहीत, डोकं. एनिग्मा हा रंगासाठी वाढवलेला प्रकार आहे आणि त्या रंगाच्या वारशाबरोबरच मज्जासंस्थेचा बिघाड येतो. ओळखायचं असं : नुसता आंधळा गेको झेप चुकवतो, पण मान सरळ ठेवून. तुमच्याकडचा मान तिरकी करतो, गोल फिरतो, कधी तोंड वर करून आकाशाकडे बघत राहतो. इलाज नाही. विकणाऱ्यानं हे सांगायला हवं होतं. न सांगता रंगाचे पैसे घेतले, याचा मला रागच येतो.

पण सांभाळता येतो. ताण आला की लक्षणं वाढतात, म्हणून वरती आजींना सांगितलं तेच सगळं तुम्हीही करा : चिमट्यानं भरवणं, वस्तू न हलवणं, उंच काही न ठेवणं. मुलीच्या मैत्रिणींनी हातोहात फिरवायचा नाही. एकदा डॉक्टरांना मात्र दाखवा, कारण कानातला संसर्ग किंवा कॅल्शियमची कमतरता यांनीही तोल जाऊ शकतो आणि त्यावर औषध आहे. आणि कुणी जोडी लावूया म्हटलं, पिल्लांना चांगला भाव येतो म्हटलं, तर नाही म्हणा. कितीही आग्रह झाला तरी.

प्रश्न : डोंबिवलीला आमच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाईटमागे एक पाल असते. दोन दिवसांपासून तिचा एक डोळा पांढरा दिसतोय. मुलं म्हणतात आंधळी झाली, पकडून डब्यात ठेवू आणि झुरळं भरवू. ती विषारी असते ना? आणि आपल्याकडच्या रानात ठिपक्यांची मोठी पाल असते म्हणतात, तीच का ही परदेशात पाळतात ती?
— एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : मुलांना म्हणावं, शाबास, पण डबा ठेवून द्या. बहुधा ती कात टाकते आहे. तिच्या डोळ्यावरचं पारदर्शक कवचही कातीबरोबर निघतं आणि निघायच्या आधी दुधाळ दिसतं. दोन-चार दिवसांत साफ होईल. नाही झालं तरी एका डोळ्यावर ती ट्यूबलाईटमागे मजेत जगेल, पाखरं आपण होऊन तिच्या तोंडाशी येतात. विषारी नाही. अन्नात पडली तर अन्न टाकून द्यायचं ते जंतूंमुळे, विषामुळे नाही. मोरपीस आणि अंड्याची टरफलं लावून ती जात नाही, हेही जाता जाता.

रानातली ठिपक्यांची पाल बिट्टूची सख्खी नाही, पण चुलत बहीण नक्की. परदेशात पाळतात ती मुख्यतः पाकिस्तान-अफगाणिस्तानकडची, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली. आपल्या महाराष्ट्र-गुजरातेतली जात वेगळी, आणि सातपुड्यातल्या एका जातीला तर २०१४ साली नवी जात म्हणून नाव मिळालं. गावोगाव तिला विषारी समजून ठेचतात. दिसली तर चार हात लांबून बघा, मुलांना पापण्या दाखवा. भिंतीवरच्या पालीला त्या नसतात हे त्यांना लगेच कळेल. रानातून उचलून घरी आणायची नाही, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यासाठीच आहे.

आणि ट्यूबलाईट पुसायची झाली तर संध्याकाळी नको, सकाळी पुसा. तेव्हा ती कपाटामागे झोपलेली असते.